मुक्कामाचे गाव

नांदेडच्या सरकारी फोकानिया शाळेत, म्हणजे हायस्कुलात, रेणुकादास मास्तर भूगोल शिकवीत, आणि तो उर्दूतून शिकवीत. निजामाच्या राज्यात या विषयाचे नाव जुग्राफिया. मराठी ही त्यांच्या घरची भाषा, संस्कृत ही अंतःकरणाची आणि उर्दू ही पोटाची. या तिन्ही भाषांशी त्यांनी कधी प्रतारणा केली नाही. वर्गाच्या भिंतीवर युरोपखंडाचा मोठा नकाशा टांगलेला असे. त्यावरील नगरांची नावे उजवीकडून डावीकडे वाचावी लागत. त्यात रोम होते, पॅरिस होते, लंडन तर ठळक अक्षरांत होते. बॉन मात्र नव्हते. म्हणून मास्तरांनी एके दिवशी वर्ग रिकामा असता ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठावर टाकाच्या टोकाने एक बारीक ठिपका देऊन ठेवला होता.

या ठिपक्याचे मूळ त्यांच्या विद्यार्थिदशेत होते. हैदराबादेस असताना त्यांच्या गुरूंनी त्यांना शंभर वर्षांपूर्वी छापलेली एक संस्कृत पोथी दाखविली होती. पोथी बॉन येथे छापलेली, आणि अक्षरे शुद्ध देवनागरी. 'पाहा,' गुरू म्हणाले होते, 'ज्या गावी आपल्यापैकी कोणाचे पाऊल पडले नाही, त्या गावच्या लोकांनी आपली अक्षरे शिशात ओतली.' त्या दिवसापासून रेणुकादासांच्या मनात एक अभिलाषा रुजली. त्या गावी जावे आणि तेथल्या नदीकाठी एकदा स्नानसंध्या करावी, एवढीच ती होती. वीस रुपये पगारापासून चाकरी केलेल्या माणसाला अशी अभिलाषा शोभत नाही हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ती त्यांनी पत्नीलाही सांगितली नव्हती.

फसली तेराशे सत्तेचाळीस, म्हणजे इसवी एकोणीसशे सदतीस साली लातूरचे गुरुबसप्पा त्यांच्या दारी आले. गुरुबसप्पा कापसाचे मोठे अडत्ये. त्यांचा जिनिंगचा कारखाना होता, आणि त्यांच्या गाठी लातूरच्या छोट्या रेल्वेने निघून मुंबईमार्गे थेट मँचेस्टरला जात. मास्तरांशी त्यांचा परिचय जुना, कारण त्यांचा पुतण्या नांदेडला मास्तरांपाशी शिकून गेला होता.

'गुरुजी,' ओसरीवर टेकत ते म्हणाले, 'आमचा कापूस दरसाल इलायतेला जातोय. त्याच्या बापाला मात्र मुंबईच्या पुढं काय हाय ते ठावं न्हाई. या उन्हाळ्यात निघायचं म्हणतोय. घरची बी येणार. तुम्ही संगं चला. इंग्रजी तुमचं, नकाशा तुमचा, खर्च समदा आमचा.'

मास्तर सरसावून बसले. मग त्यांनी विचारले, 'आप्पा, काय काय पाहायचे मनात आहे?'

'मोठी गावं. लंडन, प्यारिस, रोम. लोकं इचारतील की, प्यारिस बघितलं का? तवा न्हाई म्हणून तोंड लपवू व्हय?'

गुरुबसप्पांच्या पत्नी महादेवी आतल्या उंबऱ्याशी मास्तरांच्या पत्नी सौदामिनीबाईंजवळ बसल्या होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, 'मोठ्या गावात ह्यांचं डोळं भरतील. पोटाचं काय? तिथल्या हाटेलात मला चूल कोण पेटवू देणार? जवारीचं पीठ घेऊन चाललेय मी, ते काय समुद्राला दाखवायला?'

ते ऐकून मास्तर हसले, पण त्यांच्या मनात एका विचाराने आकार घेतला. त्यांचे वडील पायी काशीस जाऊन आले होते. ते सांगत, 'काशीत विश्वेश्वराचे दर्शन झाले ते गर्दीत झाले. डोळ्यांनी पाहिले आणि पुजाऱ्याने ढकलले. परतीच्या वाटेवर एका कुंभाराच्या अंगणात रात्र काढली, त्याने ताक दिले, तेव्हा कुठे विश्वेश्वर मनात उतरला.' आपल्या तीर्थयात्रेचा हा जुना धर्म आहे. महाक्षेत्रामागून एक साधा मुक्काम हवा. क्षेत्रात देव दिसतो आणि मुक्कामाला तो कळतो. विलायतेचा प्रवासही याच रीतीने का आखू नये?

त्या दिवाळीच्या सुटीत मास्तरांनी आराखडा रचला. मुंबईहून आगबोटीने जिनोआ. मग रोम, आणि रोमनंतर डोंगरमाथ्यावरचे ओर्विएटो. पुढे स्वित्झर्लंडात सरोवराकाठचे ब्रिएंझ. नंतर कोलोनचे गगनचुंबी देवालय, आणि त्याच्यापासून काही कोसांवर बॉन. मग पॅरिस, पॅरिसनंतर शार्त्र. शेवटी लंडन, गुरुबसप्पांसाठी मँचेस्टर, आणि त्या धुरानंतर डोंगरातले केस्विक. लहान गावी हॉटेल घ्यायचे नाही, एखाद्या विधवा बाईच्या घरी खोली घ्यायची, म्हणजे महादेवीअक्कांना चूल मिळेल आणि इष्टलिंगाची पूजा निवांत होईल. गुरुबसप्पांनी आराखडा ऐकून मान डोलावली.

'मोठं एक, ल्हान एक. जोखून मापून केलंय गुरुजींनी,' ते म्हणाले. 'फकस्त हे बॉन का काय, त्यात काय हाय?'

'नदी आहे,' मास्तर म्हणाले.

'नदी तर नांदेडात बी हाय की.'

'आहे,' मास्तर म्हणाले.

आता खरी अडचण उभी राहिली. समुद्रोल्लंघन हा त्या काळी नांदेडच्या ब्राह्मणवस्तीत लहान दोष नव्हता. त्याच्या मुळाशी मास्तरांना एक शास्त्रीय प्रश्न दिसत होता. आपण कोणतेही कर्म आरंभताना संकल्प करतो आणि त्यात आपण कोठे उभे आहोत हे उच्चारतो: जंबुद्वीपे, भरतवर्षे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः उत्तरे तीरे. समुद्रापलीकडे उभा राहिलेला मनुष्य काय म्हणेल? ज्याला आपले स्थान उच्चारता येत नाही त्याला कर्म नाही, आणि ज्याला कर्म नाही त्याला जात नाही, असा हा सोपान होता.

या सोपानाला मास्तरांनी भूगोलाने उत्तर शोधले. त्यांना ते शाळेतून घरी येताना होळी भागातल्या गल्लीत सुचले आणि ते तिथेच थबकले. पुराणांनी मेरूच्या पश्चिमेस केतुमालवर्ष सांगितले आहे, आणि ते जंबुद्वीपातच सांगितले आहे. आशिया आणि युरोप यांच्यामध्ये समुद्र नाही, अखंड भूमी आहे. म्हणजे युरोप हेच केतुमाल. बॉनच्या काठी उभा असलेला ब्राह्मण जंबुद्वीपाच्या बाहेर गेलेलाच नाही. तो निःशंक म्हणू शकेल: जंबुद्वीपे, केतुमालवर्षे, ऱ्हाइननद्याः पश्चिमे तीरे. इंग्लंड हे बेट खरे, पण पुराणांनी जंबुद्वीपाला उपद्वीपेही दिली आहेत. आराखड्यातील प्रत्येक गावासाठी मास्तरांनी असा उच्चार बसविला. त्या दिवसांत ते स्नान करताना पुटपुटत, आणि सौदामिनीबाई विचारीत, 'अहो, काय करून राहिलात? पाणी गार झालं.'

त्याच सुमारास त्यांची कन्या इंदू हिची सोयरीक लोह्याच्या सिद्धेश्वरशास्त्र्यांकडे जुळत आली होती. शास्त्री दशग्रंथी, पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाला मान. मुलगा अनंतराव हैदराबादेहून पदवी घेऊन आलेला, नांदेडच्या अदालतीत वकिली करणारा. इंदू सतरा वर्षांची होती आणि दोन ठिकाणी पत्रिका अडली होती. हे स्थळ गेले तर पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी उच्चारीत नसे.

विलायतेची वार्ता शास्त्र्यांच्या कानी गेली. मास्तर स्वतःच मोटारीने लोह्यास गेले. त्यांना आपल्या संकल्पावर विश्वास होता. विद्वानापुढे विद्वानाने सत्य मांडले की ते मान्य होते अशी त्यांची श्रद्धा होती, आणि हीच त्यांची चूक. शास्त्र्यांनी डोळे मिटून सारे ऐकले. केतुमालाचे प्रमाण आले तेव्हा ते म्हणाले, 'पुन्हा म्हणा.' मास्तरांनी पुन्हा म्हटले. बॉनचा संकल्प, पॅरिसचा संकल्प, लंडनच्या उपद्वीपाचा संकल्प, सारे त्यांनी स्वरासह म्हणून दाखविले. शास्त्र्यांच्या ओठांची मंद हालचाल होत होती. मास्तरांना वाटले, जिंकलो.

शास्त्र्यांनी डोळे उघडले. 'रेणुकादासपंत, विद्वत्ता उत्तम. आता मला एवढंच सांगा, आपण इंदूसाठी आमचा अनंता मागायला आलात, की केतुमालवर्ष मागायला?'

उत्तराची वाट न पाहता शास्त्री पुढे बोलू लागले.

'सहल आहे ना ही? हौसेची? हौसेला प्रायश्चित्त नाही. समुद्र ओलांडलेल्या माणसाच्या हातचं कन्यादान माझं घर स्वीकारणार नाही. नांदेडला जा, गोदावरीत उभे राहा आणि समुद्रोल्लंघन करणार नाही म्हणून उदक सोडा. मी येईन साक्षीला. मग मुहूर्त काढू.'

घरी आल्यावर त्यांनी सौदामिनीबाईंना सारे सांगितले. त्या भाजी निवडीत होत्या. 'मी काही म्हणणार नाही,' त्या म्हणाल्या. 'तुम्ही गेलात तरी म्हणणार नाही. उद्या इंदू घरी बसली, तर तेव्हाही म्हणणार नाही.'

इंदू दाराआड उभी होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, 'अण्णा, तुम्ही जा.' तिने ते मनापासून म्हटले होते, आणि म्हणूनच ते मास्तरांना मानवले नाही.

चार दिवसांनी पहाटे रेणुकादास कंबरभर पाण्यात उभे राहिले. तीरावर सिद्धेश्वरशास्त्री दर्भासन घालून बसले होते. मास्तरांनी ओंजळ भरली, 'गोदावर्याः उत्तरे तीरे' म्हणून देशकाल उच्चारला आणि आमरण समुद्रोल्लंघन न करण्याचे उदक सोडले. पाण्यातून बाहेर येताना त्यांचा पाय घसरला, तेव्हा शास्त्र्यांनीच हात दिला.

ही गोष्ट कळली तेव्हा गुरुबसप्पा पुन्हा मास्तरांच्या ओसरीवर येऊन टेकले. मग म्हणाले, 'आमचा देव गळ्यात हाय गुरुजी, आम्ही जाऊ तिथं येतोय. तुमचाच देव जाग्यावर बसून राहिलाय. आता मी कुणाला नेऊ?'

माघात इंदूचे लग्न झाले. गुरुबसप्पा लातूरहून लग्नाला आले होते, आणि पंगतीनंतर शास्त्र्यांनी त्यांना विडा देता देता मांडवात बाजूला घेतले. मांडव परतणीच्या दिवशी सिद्धेश्वरशास्त्री नांदेडला व्याह्यांच्या घरी आले. दूध पिऊन झाल्यावर त्यांनी शांतपणे सांगितले, 'गुरुबसप्पा आमच्या अनंताला बरोबर नेतात. परत आल्यावर त्यांच्या कारखान्याची वकिली कायमची त्याच्याकडे.'

मास्तरांना प्रथम अर्थच लागेना. 'समुद्रापलीकडे?' त्यांनी विचारले.

'जंबुद्वीपापलीकडे नव्हे,' शास्त्री म्हणाले. 'केतुमाल जंबुद्वीपातच येते. आपणच सिद्ध केलंत. मी चार ठिकाणी पडताळून पाहिलं, प्रमाण बिनतोड आहे.'

'मग मला का…'

'आपली हौस होती. अनंताची उपजीविका आहे. उपजीविकेसाठी गेलेल्याला प्रायश्चित्त आहे, आल्यावर आम्ही करून घेऊ. आणि आता तर आपण उदक सोडलेलं आहे, पंत. त्याला मी काय करू?'

ते म्हणाले ते शास्त्रदृष्ट्या निर्दोष होते. मास्तरांनी त्यात व्यंग शोधून पाहिले, पण त्यांना ते सापडले नाही. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला तेच उठले.

मास्तरांनी आपला आराखडा जावयाला समजावून दिला. कोणत्या गावी किती राहायचे, कोठे चूल मिळेल, अक्कांना पूजेला एकांत कोठे मिळेल, सारे सांगितले. अनंतराव सुस्वभावी तरुण होता. तो 'हो अण्णा, हो अण्णा' म्हणत होता आणि त्याची दृष्टी पुनःपुन्हा पॅरिस या शब्दाकडे जात होती.

'एकच मागणे आहे,' मास्तर म्हणाले. 'बॉनला एक मुक्काम करा. तिथे काही पाहू नका. सकाळी नदीवर जा, संध्या करा आणि संकल्पात "पश्चिमे तीरे" एवढे स्पष्ट म्हणा. तुमच्या मुखाने ते एकदा उच्चारले गेले की पुष्कळ झाले.'

'एवढंच ना? नक्की,' अनंतराव म्हणाला.

वैशाखात ते निघाले. इंदू माहेरी राहिली. त्या उन्हाळ्यात मास्तर नांदेडातून हलले नाहीत, आणि तरीही ते आराखड्याप्रमाणे चालत होते. ओसरीवर बसून ते म्हणत, 'आज ब्रिएंझ. अक्कांची भाकरी झाली असेल.' इंदू त्यांच्यापुढे ताकाचा पेला ठेवी. ज्या दिवशी हिशेबाने बॉनचा मुक्काम येत होता, त्या पहाटे ते रोजच्यापेक्षा लवकर नदीवर गेले. स्नान करून ते काठावर बसून राहिले. त्यांनी काहीही उच्चारले नाही, कारण आजचा उच्चार दुसरा कोणीतरी करीत होता. घरी परतताना त्यांची मुद्रा इतकी प्रसन्न होती की सौदामिनीबाईंनी इंदूला डोळ्यांनी खुणावले.

भाद्रपदात प्रवासी परतले. आश्विनात गोदावरीच्या घाटावर अनंतरावाचे प्रायश्चित्त ठरले. क्षौर झाले, पंचगव्य सिद्ध झाले. गुरुबसप्पा आणि महादेवीही मुद्दाम आले होते आणि घाटाच्या वरच्या पायरीवर बसले होते. सिद्धेश्वरशास्त्री म्हणाले, 'पंत, परदेशातील प्रत्येक मुक्कामाचा देशोच्चार करून शुद्धी व्हायला हवी. ते उच्चार आपले आहेत, आपणच सांगा. अनंता मागून म्हणेल.'

मास्तर पुढे झाले. त्यांनी जिनोआचा उच्चार सांगितला, अनंतरावाने म्हटला आणि पाणी सोडले. रोमचा सांगितला, त्याचे पाणी सोडले. मग ते म्हणाले, 'ओर्विएटो.'

अनंतरावाने ओंजळ भरली नाही. 'ते राहिलं, अण्णा.'

'बरे. ब्रिएंझ.'

'तिथंही नाही गेलो. रोम चार दिवसांत आटपेना.'

'कोलोन.'

'कोलोन केलं.' त्याने म्हटले, पाणी सोडले.

वर घंटा वाजत होती, खाली कोणी तांब्या घासत होते. 'यापुढे?' त्यांनी विचारले. गावाचे नाव त्यांनी घेतले नाही.

'यापुढे पॅरिस,' अनंतराव म्हणाला, आणि मग काहीसे आठवून खाली पाहू लागला. 'कोलोनला येताना गाडी थांबली होती तिथं. पण अण्णा, पाहण्यासारखं तिथं काही नव्हतं.'

सिद्धेश्वरशास्त्र्यांनी व्याह्यांकडे पाहिले. 'सांगा पंत, खोळंबा होतो.'

रेणुकादासांनी पॅरिसचा उच्चार सांगितला, लंडनचा सांगितला, मँचेस्टरचाही सांगितला. कोठेही स्वर चुकला नाही. मध्ये रिकाम्या राहिलेल्या स्थानी पाण्याचा थेंबही पडला नाही. जेथे कोणी गेलेच नाही, तेथला दोष कोणाला लागत नाही आणि तेथले प्रायश्चित्तही कोणाला करावे लागत नाही.

कर्म आटोपल्यावर शास्त्री संतुष्ट होऊन म्हणाले, 'व्याही, आपला संकल्प उपयोगी पडला हं.'

'पडला,' मास्तर म्हणाले.

ते पायऱ्या चढून वर आले तेव्हा महादेवींनी त्यांना हाक मारली. त्या फार वाळल्या होत्या. 'गुरुजी, तुमची ल्हान गावं आमच्या नशिबात न्हवती. तुमचे जावई म्हणाले, एवढ्या लांब येऊन खेड्यात काय बघायचं? ह्यांनी बी मान डोलावली. मी दुधावर आन् पावावर दिवस काढलं.' त्या थांबल्या. 'पिठाचं पोतं तसंच माघारी आलं. उघडून बघते तर जाळ्या. गुरांपुढं टाकलं.'

'त्या स्टेशनात मी बोलले हुते,' त्या पुढे हळू म्हणाल्या. 'नदी दिसत हुती डब्यातनं. म्हणलं, उतरू या, गुरुजींनी सांगितलंय. जावई म्हणाले, अण्णांना कोण सांगायला जातंय?'

गुरुबसप्पा खाली पाहत उपरण्याने मान पुसत होते. मास्तरांनी महादेवींना नमस्कार केला. 'नदी कशी होती, अक्का?' त्यांनी विचारले.

'मोठी हुती,' महादेवी म्हणाल्या. आणि मग, 'आपल्यासारखीच हुती.'

घरी इंदू वाट पाहत होती. ती त्याच दिवशी सासरी जायला निघणार होती, तिची पेटी बांधून ओसरीवर ठेवलेली होती. 'अण्णा, त्यांनी तिथं संध्या केली ना?' तिने विचारले. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 'केली,' ते म्हणाले. आयुष्यात लेकीशी ते तेवढेच खोटे बोलले, आणि तेही तिच्या संसारासाठी.

त्या हिवाळ्यात शाळेच्या तपासणीला शिक्षणखात्याचे मोहतमीम साहेब आले. जुग्राफियाच्या वर्गात ते नकाशासमोर उभे राहिले. त्यांची छडी ऱ्हाइनवरून खाली येत एका जागी थांबली. एका ठिपक्याला नावच नव्हते.

'मास्टर साहब, यह कौन-सा शहर है?'

रेणुकादास जवळ गेले. त्यांनी ठिपका नीट पाहिला, जणू प्रथमच पाहत होते.

'जी, शहर नहीं,' ते म्हणाले. 'स्याही का धब्बा है.'

साहेबांनी छडी पुढे नेली आणि वर्गाला पॅरिस विचारले. ते सगळ्यांना येत होते.